मापाचे खण

दोघा भावांचं वर्कशॉप एकच, पण हत्यारांवरून रोज खडाजंगी. ड्रिलची पेटी सापडली तर पान्यांची सापडायची नाही, आणि जो तो दुसऱ्याच्या नावाने शंख करायचा. शेवटी थोरल्याने प्लायवूडचं खणांचं कपाट करायला घेतलं, तेव्हा धाकट्याला हायसं वाटलं.

"बरं झालं, दादा. आता भांडायला कारणच उरणार नाही."

"नाहीच उरणार," थोरला म्हणाला.

कामाला जागा व्हावी म्हणून त्याने सगळ्या पेट्या आधीच मागच्या खोलीत हलवल्या होत्या. मापंही त्यानेच काढली. कापणं, घासणं, खण बसवणं मात्र धाकट्याने हौसेने अंगावर घेतलं. वहिनी चहा घेऊन आल्या. एरवी दिराची चेष्टा केल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे; आज कप टेकवून मुकाट्याने आत गेल्या.

"वहिनींचं काही बिनसलंय का रे?"

"तू स्क्रू आवळ."

संध्याकाळी थोरल्याने मागच्या खोलीतून आपल्या पेट्या आणून एकेक आत सरकवली. प्रत्येक पेटी खणात अशी चपखल बसली की धाकटा बघतच राहिला. बघता बघता शेवटचा खणही भरला.

अंगावरचा भुसा झटकत त्याने विचारलं, "आणि माझ्या पेट्या कुठे ठेवायच्या, दादा?"



"त्या दुपारीच टेम्पोने तुझ्या घरी पाठवल्यात," थोरला मान वर न करता म्हणाला. "जाताना शटरची किल्ली ठेवून जा."