शेठचा काढा

भोरच्या सभागृहात डॉक्टर सौदामिनीबाईंचा सत्कार होता. काही माणसांची प्रतिकारशक्ती चवताळून स्वतःच्याच किडनीवर उठते. तिला आवरणारी गोळी शोधण्यात बाईंचं आयुष्य गेलं होतं. सत्काराचा खर्च मात्र नसरापूरच्या उपेंद्रशेठनी उचलला होता आणि शेठचा धंदा प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्याचा.

"मॅडमची गोळी शक्ती कमी करते, आपला काढा वाढवतो," शेठ माइकवर म्हणाले. "काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवा." सगळं सभागृह खो खो हसलं. बाईंच्या हातात शाल, नारळ आणि वर काढ्याची बाटली आली.

विंझरवरून एसटीनं आलेली धोंडाबाई पाया पडायला स्टेजवर चढली. "किडनीला सूज हाय म्हनत्यात, बाई. म्हनून म्या ह्योच काढा पिते. एक दीस चुकवत न्हाई."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोसाठी शेठ शेजारी येऊन उभे राहिले, तेव्हा बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही स्वतः किती पिता हो हा काढा?"



"छे, मॅडम," शेठ कॅमेऱ्याकडे बघून हसत म्हणाले, "माझी किडनी तुमच्याच गोळीवर चाललीये."