कॅमशाफ्ट बसवताना

कॅमशाफ्ट अर्धा आत गेला होता आणि दोघांनीही श्वास रोखून धरला होता.

इंजिनाचा रिकामा ब्लॉक स्टँडवर पोट वर करून लटकला होता. पैलवान पुढच्या बाजूने, शाफ्टच्या तोंडाला लावलेला लांब बोल्ट धरून, तो जरा फिरवत, जरा ढकलत आत सरकवत होता. ताईचा उजवा हात ब्लॉकच्या पोटात मनगटाच्याही वर गेला होता. आतून ती शाफ्टचं वजन तोलत होती. शाफ्ट ज्यांत फिरतो ते आतले बुश मऊ धातूचे. एक कड घासली की ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"तिरका येतोय. डोळे उघडे ठेवून ढकल," ताई म्हणाली.

"तू तेवढा हात काढू नकोस."

"मी कशाला काढते?"

लग्नाआधी ती भावाबरोबर वडिलांच्या याच गॅरेजात पाने-पकडी धुवायची. आता परत आली होती ती गळ्यावर निळे वळ घेऊन, आणि आल्या आल्या कुणाशी काही न बोलता कामाला लागली होती. सकाळी पैलवानाने तिला नव्या टॅपेट, म्हणजे झडपा उचलणारे दट्टे, दाखवल्या. जुन्या टॅपेट शाफ्टच्या उंचवट्यांवर घासत चालायच्या, या टॅपेटच्या पायाला चाक होतं, रोलर. घासाघाशीच नको.

"माणसांना बसवत नाहीत का रे असे रोलर?" ताईने विचारलं होतं.

शटरखालून वाकून कुणीतरी आत आलं. ताईने आतल्या आत शाफ्ट घट्ट आवळला. पैलवानाला ते बोल्टमधून कळलं.

"चल," दाजी म्हणाले.

"दाजी, बाहेर बसा. एवढं हातातलं झालं की बोलू." पैलवानाने मान वळवली नाही. मान वळली असती तर हात हलला असता.

"मी माझ्या बायकोशी बोलतोय."

"मी येणार नाही," ताई म्हणाली. अगदी सरळ आवाजात म्हणाली.

दाजींनी कोपरापर्यंत तेलाने माखलेल्या तिच्या हाताकडे पाहिलं. मग स्टँडला लाथ घातली.

स्टँडची खीळ निसटली. ब्लॉक गर्रकन फिरला आणि ताईचा हात घेऊनच फिरला. आधी शाफ्ट आत आपटल्याचा आवाज आला, मग दुसरा, बारीक. ताई ओरडली नाही. तिच्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडली.

पैलवानाने खांदा लावून ब्लॉक उलटा ढकलला, तिचा हात अलगद बाहेर काढला, तिला भिंतीला टेकवून बसवलं. मग तो उठला.

अंगाने दांडगा म्हणून बाजाराने त्याला पैलवान म्हणायला सुरुवात केली होती, एवढंच. आजवर त्याने कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. पहिल्याच ठोशात दाजींचं नाक फुटलं. दुसऱ्याने ते लोखंडी टेबलावर आदळले आणि दात ओठातून आरपार गेला. ते खाली घसरले, तेव्हा त्याने कॉलर धरून त्यांना पुन्हा उभं केलं. पडलेल्या माणसाला मारायचं म्हणजे वाकावं लागतं.

"हात लावलाच कसा तुम्ही?" प्रत्येक फटक्याला तो हेच विचारत होता. मारतानाही तोंडातलं 'तुम्ही' काही सुटत नव्हतं.

टेबलाच्या कडेला लोखंड आवळून धरायचा व्हाइस होता. त्याच्या जबड्यात त्याने दाजींचा उजवा पंजा सरकवला आणि दांडी फिरवली. दाजींनी हात जोडायला पाहिलं, पण जोडायला एकच हात मोकळा होता.

"पुरे," ताई म्हणाली.

त्याला ते ऐकू आलं. दांडी आणखी अर्धा फेरा फिरली. काहीतरी कडकडलं आणि दाजी जनावरासारखे हंबरले.

"पुरे म्हणते ना. सोड त्यांना."

थांबायला हवं, हे पैलवानाला कळत होतं. बरं वाटतंय, हेही कळत होतं. त्याने आणखी एक फेरा दिला. मगच त्याने दांडी उलटी फिरवली.

दाजी मोडका हात छातीशी धरून, धडपडत, शटरखालून बाहेर गेले. समोरचे दुकानदार दारात येऊन उभे होते. त्यांनी दाजींना वाट करून दिली.

पैलवानाने पँटला हात पुसले. कपाटातून धुतलेलं फडकं काढलं आणि तो ताईपाशी आला. तिचं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. आधी हात बांधायचा, मग दवाखाना. तो वाकला आणि त्याने हात पुढे केला.

ताईने चटकन डावा हात डोक्यावर आडवा धरला. हनुवटी छातीत, डोळे घट्ट मिटलेले.

"ताई, मी आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. हात खाली आला नाही. "ठेव तिथं. माझं मी बांधते."

त्याने फडकं जमिनीवर ठेवलं आणि तो मागे सरकला.

"अजून जरा," ताई म्हणाली.