एकच नग शिल्लक

"एवढ्या पैशांत एका दिवसाच्या भाड्यानेसुद्धा मिळत नाही," सीयू म्हणाली. "नक्कीच कुठेतरी फाटलेला असणार. नवऱ्यासमोर वाकशील आणि टर्रकन उसवेल, बघ!"

"गप गं," म्हणत यालिंगने तिच्या हातातला फोन ओढून घेतला आणि फोटो पुन्हा पाहिला. लाल रेशमी झगा, वर आखूड जाकीट, आणि छातीपासून बाह्यांपर्यंत हाताने भरलेल्या चिमण्या.

यानताई शहरातल्या मासळीच्या कारखान्यात दोघी शेजारी बसून स्क्विड साफ करायच्या. जेवणाच्या सुट्टीत सध्या हाच विषय असायचा. स्वस्तातला लग्नाचा पोशाख हवाय, असं यालिंगने नेटवरच्या एका गटात लिहिलं होतं. सोबत लग्नाची तारीख आणि देशंगबरोबरचा फोटोही टाकला होता. दुकानदारांचे भाव ऐकून तिने आशा सोडली, तेव्हा गू नावाच्या एका बाईंचा आपणहून निरोप आला. स्वतः शिवलेला एकच नग शिल्लक आहे, हवा तर घेऊन जा.

यालिंगने त्यांना फोन लावला. "मावशी, लग्नाच्या पोशाखावर चिमण्या कशा? सगळ्यांच्या अंगावर बदकांची जोडी असते."

"माझ्या मुलीला आवडायच्या. तिच्या लग्नात असाच शिवला होता. डोळे मिटूनही भरू शकते मी त्या."

"मग इतका स्वस्त का देताय?"

"त्याच्या बदल्यात मला व्हिडिओ दे. नवरा तुला पहिल्यांदा यात बघेल ना, तेव्हा फोन चालू ठेव. थेट दिसू दे मला. गिऱ्हाइकांना तेच बघायला आवडतं, नवरदेवाचा चेहरा." मग बाईंनी बजावलं. "आणि पोरी, त्याच्या आधी त्याला दाखवू नकोस हं. फोटोसुद्धा नको."

"नाही दाखवत," यालिंग हसून म्हणाली.

देशंगचं हे दुसरं लग्न. डोंगराच्या उतारावर त्याची सफरचंदाची बाग होती. पहिली बायको एका ट्रकवाल्याचा हात धरून दक्षिणेकडे निघून गेली होती. चपला, दागिने, लग्नाचा पोशाख, सगळं बॅगेत भरून. पुढे कोर्टाने रीतसर सोडचिठ्ठी दिली. देशंग तिला कधी शिव्या घालायचा नाही. "जिथे असेल तिथे सुखात राहो," एवढंच म्हणायचा. माणूस कष्टाळू. बागेत खताचे चरसुद्धा मजूर न लावता स्वतः खणायचा. यालिंगकडे आला की सफरचंदाची साल अखंड काढून फोडी आधी तिच्या आईपुढे धरायचा.

तरी आईच्या मनात एक गोष्ट सलत होती. "नवऱ्याला सोडून जातात गं बायका," भाकरी उलटताना ती म्हणाली. "पण आपल्या आईला एक फोन नाही?"

"लाज वाटली असेल."

"आईची कसली लाज?"

तिशी ओलांडलेल्या मुलीला सांगून आलेलं हे पहिलं धड स्थळ होतं, आणि ते आईलाही ठाऊक होतं.

पोशाख आला. कुठे फाटलेला नव्हता, उसवलेला नव्हता. जुनाही नव्हता. नव्या रेशमाचा वास येत होता. अंगात घातला तेव्हा सीयूचं तोंड पहिल्यांदाच बंद झालं. आई तोंड न लपवता सरळ सगळ्यांसमोर रडली.

लग्नाच्या सकाळी देशंग मित्रांना घेऊन नवरीला न्यायला आला. मैत्रिणींनी दार अडवलं.

"दाजी, पैशांची लाल पाकिटं सरकवा आधी दाराखालून! एवढ्यात नाही भागत, बागायतदार ना तुम्ही?"

बाहेर हशा पिकला. पाकिटं आली. मग गाणं म्हणायला लावलं. देशंग बेसूर गायला. आत पलंगावर यालिंग हसू दाबत बसली होती. सीयूने गू बाईंना व्हिडिओ कॉल लावून फोन दाराकडे धरला. त्यांनी आपल्या बाजूचा कॅमेरा बंद ठेवला होता. "दिसतंय का मावशी?" सीयूने विचारलं. "दिसतंय," पलीकडून आवाज आला.

दार उघडलं. देशंग फुलांचा गुच्छ घेऊन हसत आत शिरला आणि दोन पावलांवर थबकला.

"बघा, बघा! गारद झाला गडी!" मित्र ओरडले.

यालिंगने लाजून मान खाली घातली. त्याच्या हातातून गुच्छ पडला तेव्हा तिने वर पाहिलं. तो पुढे आला, गुडघ्यांवर बसला. रिवाजच होता तो, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने तिची बाही हातात घेतली. चिमण्यांवरून अंगठा फिरवला. ओठ पांढरे पडले होते.

"आवडला नाही का?" यालिंगने हळूच विचारलं. "नेटवरून घेतला."

त्याला ते ऐकूच आलं नसावं. टाळ्या थांबल्या. सीयू फोन घेऊन आणखी जवळ सरकली. देशंगने यालिंगचं मनगट घट्ट आवळलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "हा कुणी उकरून काढला?"