मुठीतली पूड

लेकीच्या मुठीतून खरवडून आणलेली चिमूटभर पांढरी पूड तिनं पोटॅशियम ब्रोमाइडच्या कोरड्या मिठात घोटायला घेतली. प्रयोगशाळेतलं तिचं रोजचंच काम, पण आज घोटता घोटता ती रडत होती. लेक दवाखान्यात डोळे उघडत नव्हती, आणि पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय डॉक्टरांचं पुढचं पाऊल अडलं होतं.

“रडायचं तर लांब जाऊन रड गं बाई, हे मीठ लगेच ओल धरतं,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. तिच्या हातून खल काढून घेत त्यांनीच त्या मिश्रणाची चकती दाबली आणि पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रात ठेवली.

पडद्यावर नुसती सपाट रेघ उमटली.

“बघ, काही नाही. साधं मीठ असंच दिसतं. स्वयंपाकघरातलं मीठ खाल्लंय तुझ्या पोरीनं. जीव भांड्यात पडला बाई.”

तिचा पडला नाही. तिच्या हाताशी होतं ते पोटॅशियम ब्रोमाइडचं मीठही यंत्रात असंच सपाट दिसायचं. अंगाच्या उबेनं ते कोरडं राहावं म्हणून त्याची पुडी ती एप्रनच्या खिशात ठेवायची, आणि काल एप्रन तिनं धुवायला घरी नेला होता.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

“डॉक्टरांकडे दे. नाव सांगते.”