चाचणीराव

कर्ण्यावरून फुटबॉलचा संघ वाचून दाखवला जात होता. एकेक नाव आलं. नऊ नंबरला निवेदक म्हणाला, "चाचणी खेळाडू," आणि पुढे सरकला.

इशबेल कठड्याला टेकून उभी होती. सही होईपर्यंत खेळाडूचं नाव घ्यायचं नाही, ही इथली रीत. दुसऱ्या क्लबने पळवू नये म्हणून. आणि नापास झालाच तर चारचौघांत शोभा होऊ नये म्हणूनही. तिच्या वडिलांना आता कोणी पळवणार नव्हतं. जुन्या क्लबने उन्हाळ्यात मोकळं केलं, तेव्हापासून बोलावणं आलं ते हे एकच. मॅनेजरने सांगितलं होतं, पूर्ण सामना टिकलात तर सोमवारी सही.

"हा नऊ नंबर कोण रे?" शेजारच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने सोबतच्या टॅमला विचारलं.

"चाचणीराव."

"वय काय म्हणायचं?"

"या मैदानापेक्षा लहान असावा. थोडासाच."

दोघं खिदळले. इशबेलही कसंनुसं हसली.

ती चेंडू बघतच नव्हती. तिची नजर वडिलांच्या उजव्या गुडघ्यावर होती. सकाळी गाडीत, काचा वर करून, त्यांनी तो आवळून बांधला होता आणि पट्टीचं टोक तिने धरलं होतं. ते डावीकडेच वळत होते. उजवीकडून चेंडू आला की हात दाखवून दुसऱ्याला सोडत होते, जणू तीच युक्ती असावी. अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

उत्तरार्धात कोपऱ्यावरून चेंडू उंच मारला गेला. समुद्रावरच्या वाऱ्याने तो वरच्या वर अडवला. सगळे पुढे धावले आणि फसले. वडील जागचे हलले नाहीत. वारा चेंडू जिथे टाकणार तिथेच ते उभे होते. त्यांनी नुसतं कपाळ पुढे केलं.

"गोल! नऊ नंबर, चाचणी खेळाडू!"

म्हाताऱ्याने इशबेलला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "डोकं आहे गं या माणसाला! टॅम, याला सोडू नका म्हणावं!"

संघातले खेळाडू आनंदाने वडिलांच्या अंगावर पडले, एकावर एक. मग एकेक करून उठले. वडील उठले नाहीत.

थोड्या वेळाने ते गोलाचा खांब धरून उभे राहिले. हात हलवून सगळं ठीक असल्याचं दाखवलं. उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती.

बाजूला प्रशिक्षकाने लाकडी पाटी उचलली. पाटीवर नऊ, म्हणजे नऊ नंबरने बाहेर यायचं.

वडिलांनी पाटीकडे पाठ केली.

पंचाने शिट्टी वाजवली. वडील कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत राहिले. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं होऊ शकतं. कर्णधार ओरडला, "अहो! अहो, हे!" आणि पुढे काय म्हणावं ते न सुचून थांबला. मॅनेजरसुद्धा रीत सांभाळून "नऊ! नऊ!" एवढंच बोंबलत होता.

"चाचणीराव, घरी चला! जेवण वाढलंय!" टॅम ओरडला. माणसं हसली. हाक पलीकडच्या बाजूने उचलली, मग सगळं मैदानच ताल धरून ओरडू लागलं, "चाचणीराव! चाचणीराव!" वडिलांची मान हलली नाही. हळूहळू हसू विरलं आणि चिडलेल्या शिट्ट्या सुरू झाल्या. वडील एका पायावर तसेच उभे. सामना संपायला अजून बराच वेळ होता, आणि तेवढा वेळ ते असेच उभे राहतील हे इशबेलला कळत होतं.

"बाबा!"

तिने एकदाच हाक मारली. फार मोठ्यानेही नाही.

ते वळले. वळल्यावर समोर पाटीच होती. त्यांनी ती पाहिली, मग कठड्याशी तिला शोधलं. क्षणभर असं बघितलं, जणू तिने दार आतून लावून घेतलं होतं. मग चालू लागले. लंगडायचं नाही म्हणून फार सावकाश.

शिट्ट्या थांबल्या. टॅमने मान खाली घातली. टोपीवाला म्हातारा इशबेलकडे वळला.

"तुझा बाप होय गं?"

"हो."

"नाव काय त्याचं?"

"मर्डो पेट्री."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. खरंच आठवून पाहिलं.

"ऐकल्यासारखं वाटत नाही," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून घाईघाईने, "पण पोरी, मी तरी या गावाबाहेर कुठे फारसा गेलोय."