महिनाभर बघायचं नाही

“ती नको, तिला पंख आहेत अजून. पंख टाकलेली बघ,” असं बायकोला म्हणत ग्लेन मिस्सेसाठी घातलेल्या इस्त्रीच्या पँटसकट ओल्या वाळूत गुडघ्यांवर बसला.

आदल्या दिवशी दोह्यात पाऊस झाला होता. शुक्रवारची मिस्सा आटोपून माणसं गाड्यांकडे निघाली होती, आणि अबू हमूरच्या चर्चच्या पार्किंगवर पंखवाल्या मुंग्या घिरट्या घालत होत्या. यांचं लग्न वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच लागतं, तेही हवेत. मग राणी खाली उतरते, आपले पंख आपणच मोडून टाकते आणि बिळासाठी जागा शोधते. तशी एक काळी, टपोरी राणी ग्लेनने काचेच्या नळीत घेतली. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापूस, तोंडाशीही कापूस.

“आता महिनाभर अंधारात ठेवायची. बघायचं नाही,” गाडीत तो म्हणाला. “सारखं कुणी डोकावलं, तर घाबरून आपलीच अंडी खाते.”

“महिनाभर? जमेल तुला?” अँजेलीनने विचारलं.

प्रश्न रास्त होता. नवरा सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोनदा तिला दिवस राहिले, आणि दोन्ही वेळा त्याने लगोलग अख्ख्या वसईला फोन केले. दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. त्यात फोनचा दोष नव्हता. ती स्वतः नर्स, तिला ते कळत होतं. पण त्याने आनंदाने ज्यांना सांगितलं, त्या प्रत्येकाला नंतर तिला उत्तर द्यावं लागलं. तिला मूल हवं होतं, फार हवं होतं. ते फोन मात्र पुन्हा नको होते.

नळी कपाटात गेली. दुधाच्या पातेल्याभोवती मांजर फिरावं तसा ग्लेन कपाटाभोवती फिरू लागला. अंडी घातली असतील का? किती? एकदा तर हात दारापर्यंत गेला. मग स्वतःलाच “यल्ला, चल” म्हणत तो खाली गेला आणि धुतलेली गाडी पुन्हा धुऊन आला. ममीशी रोज फोनवर बोलायचा, पण मुंगीबद्दल चकार शब्द नाही. तो कपाटाकडे बघायचा आणि अँजेलीन त्याच्याकडे. कुतूहल तिलाही होतंच.

महिना भरला. त्याने श्वास रोखून नळी उजेडात धरली. राणीच्या पायाशी अंड्यांचा पांढरा पुंजका होता, दोन-चार अळ्याही वळवळत होत्या.

“ममीला फोटो पाठवतोस?” तिने विचारलं.

“वेडी की काय! मुंग्या होऊन चालू-फिरू तर देत,” तो कुजबुजला. “एवढ्यात कुणाला सांगायचं नाही.”

अँजेलीनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसूही.

“मग आणखी एक गोष्ट सांगते,” ती म्हणाली. “तीपण एवढ्यात वसईला कळवू नकोस.”