हिवाळ्यातली जास्वंद

अग्नियाने कळी खुडली, मुठीत लपवली आणि चुलीचं दार उघडून आत टाकली. ओली कळी चुर्र झाली.

"काय जळतंय गं?" पलंगावरून येफिमने विचारलं.

"तुझं नशीब," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "कांद्याची साल रे, म्हाताऱ्या. पडून राहा गुपचूप."

जास्वंदीची कुंडी खिडकीत होती. बाहेर नदी गोठून दगड झालेली आणि काचेच्या आत हे उष्ण देशातलं झाड हिरवंगार. आमच्या ओनेगा नदीकाठी ते बऱ्याच घरांत असतं आणि सगळे त्याला भितात. भर थंडीत जास्वंद फुलली की घरातलं एक माणूस जातं, असं म्हणतात. अग्नियाची आई गेली तेव्हा फुलली होती. झाडही आईचंच. जिवंत झाड बर्फात फेकणाऱ्याच्या घराचं वाटोळं होतं, आणि कुणाला द्यावं तर घेतो कोण? म्हणून अग्निया ते जगवत होती. कुंडीखाली जुन्या वर्तमानपत्रांची चळत, मुळांना कोमट पाणी, पानांवरचे किडे साबणाच्या पाण्याने पुसून काढायचे. जगवायचं, पण फुलू द्यायचं नाही.

यंदा पहिली कळी दिसली आणि तिने हायच खाल्ली. जेवण सुटलं, अंथरुणातून उठवेना. डॉक्टरीणबाई रिम्मा पाव्लोव्ना येऊन रक्त घेऊन गेल्या आणि नंतर हसत म्हणाल्या, "धास्ती घेतलीय नुसती. शिकलेल्या जमान्यात फुलाला घाबरता?"

थोड्याच दिवसांत येफिम, बैलासारखा माणूस, अंगणात छाती धरून बसला. पुन्हा डॉक्टरीणबाई आल्या. या वेळी हसल्या नाहीत. दाराआड अग्नियाला म्हणाल्या, "हृदय थकलंय त्यांचं. त्यांना मात्र कळू देऊ नका." आमच्याकडे तशी रीतच आहे. आजार घरच्यांना सांगतात, आजाऱ्याला नाही.

म्हणजे कळी येफिमसाठी आली होती तर! अग्नियाने कंबर कसली. आता अंथरुणात लोळून कसं चालेल? ती उठली, कोबीचं सूप करू लागली, त्याला भरवू लागली.

"तू चमचा ठेवलास की मीही ठेवीन," तो हटून बसायचा. मग त्याने खावं म्हणून तीही चार घास गिळायची.

तरी ती वाळत चालली होती. घागरा कमरेवर राहीना, तर दोरीने बांधला. पाठ सारखी ठणकायची. एवढ्या धिप्पाड नवऱ्याला उठवून बसवायचं म्हणजे पाठीचा खुळखुळा होणारच. नशिबाने शेजारचा प्रोखोर भला निघाला. दुपारी तिचा डोळा लागला की येऊन लाकडं फोडून ठेवायचा, विहिरीवरून पाणी आणायचा. भेटला मात्र एकदाही नाही.

"एकदा त्याला चहाला तरी बोलावते," ती म्हणायची.

"बोलावू नकोस. आभार मानलेस तर यायचा बंद होईल. विक्षिप्त आहे तो, ठाऊक नाही का तुला?"

त्या दिवशी दुपारी रिम्मा पाव्लोव्ना आल्या. येफिमची छाती ऐकून त्यांनी गंभीरपणे मान हलवली. मग पिशवीतून सुई काढली.

"आता तुमची पाळी, अग्निया इवानोव्ना."

"दर वेळी मला कशाला? आजारी तो ना?"

"आजाऱ्याआधी त्याचं करणारं माणूस झिजतं. ताकदीचं आहे. दंड पुढे करा मुकाट्याने."

इंजेक्शन घेऊन ती चहा ठेवायला वळली आणि जागीच थिजली. पानांआड, काचेला तोंड लावून, एक फूल उमललं होतं. लालभडक. रोज पान अन् पान तपासूनही ही एक कळी नजरेतून सुटली होती.

तिने झटकन पडदा ओढला.

"काय झालं गं?" येफिमने विचारलं.

"कुठे काय? थंडी येतेय."

पण तिला राहवलं नाही. ती पलंगाशी गेली आणि त्याचा हात छातीशी धरून रडू लागली. "तू कुठे जायचं नाहीस, येफिम. माझ्याआधी तर मुळीच नाही. मी एकटी काय करू? मला फार भीती वाटते रे."

"नाही जाणार."

"शपथ?"

"शपथ. तुझ्याआधी नाही जाणार, वेडे."

तिला जरा धीर आला. इंजेक्शनाने डोळे जड झालेच होते. पाठीची कळ ओसरली, आणि चुलीलगतच्या बाकावर ती आडवी झाली तशी झोपून गेली.

येफिमने तिचा श्वास संथ होण्याची वाट पाहिली. मग पांघरूण बाजूला सारून तो ताडकन उठला. पडदा सरकवला, फूल खुडलं, चुलीत टाकलं. बायकोच्या अंगावर आपलं पांघरूण घातलं. पलंगाखालून ओले बूट काढून पायांत चढवले.

"किती दिवस करणार हे सोंग?" रिम्मा पाव्लोव्नांनी हळूच विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचं, डॉक्टरीणबाई," रिकाम्या बादल्या उचलत तो म्हणाला. "तिचे किती उरलेत?"